भिस्ती गल्लीची विश्वशांती आणि केरबा

औरंगपुऱ्याच्या मागच्या अंगाला भिस्ती गल्ली होती. निजामाच्या काळात तिथं पखालीनं पाणी वाहणारे भिस्ती राहायचे. १९७७-७८ च्या सुमाराला मी तिथं राहायला गेलो, तेव्हा पाणी सोडून बाकी सगळं पिणारे लोक राहत होते. खोल्या स्वस्त होत्या, घरमालक हैदराबादला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी बाबूमियाँचं हॉटेल होतं, तिथं एका चहावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नसे. एवढ्या सोयीवर शहरातले कवी, चित्रकार, नाटकवाले आणि क्रांतिकारक गोळा झाले होते. दाढी कुणीच करत नसे. शहरातल्या बाकीच्या माणसांची कीव करण्यात आमची संध्याकाळ जायची, आणि ती माणसं त्या वेळेला चिकलठाण्याच्या कारखान्यांतून दुसरी पाळी संपवून सायकलीवर घरी जात असायची.

मी एका कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि मुक्तछंदात कविता लिहीत होतो. मुक्तछंदात अशासाठी, की छंद येत नव्हता.

आमचा पुढारी साहेबराव. बिडकीनच्या पलीकडं सोनखांब नावाचं गाव आहे, तिथल्या मोठ्या जमीनदार घरातला. घरून दर महिन्याला ज्वारी, तूप आणि मनिऑर्डर यायची, आणि साहेबराव ती तिन्ही सरंजामशाहीचा निषेध करत करत स्वीकारायचा. त्याला ‘साथी’ म्हणावं लागे. त्यानंच ‘विश्वशांती समिती, भिस्ती गल्ली शाखा’ काढली. बाकी शाखा कुठं आहेत असं एकदा मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘त्या निघतील.’

त्या साली अमेरिकेचा न्यूट्रॉन बॉम्ब गाजत होता. या बॉम्बनं माणसं मरतात आणि इमारती जशाच्या तशा राहतात, असं वर्तमानपत्रात आलं होतं. आमची झोप उडाली. आमच्यातला चित्रकार बद्रीनाथ यानं पोस्टर काढलं: कोरी करकरीत चार मजली इमारत, दारं-खिडक्या उघड्या, आत एकही माणूस नाही. खाली बारीक अक्षरात ‘हे आपल्याला चालेल?’ असा प्रश्न. अशी पन्नास पोस्टरं आम्ही शहरभर चिकटवली. तेव्हा सिडकोची घरं नुकतीच व्हायला लागली होती. चार दिवसांत सातजणांनी बाबूमियाँच्या हॉटेलात येऊन अर्ज कुठं मिळतो म्हणून चौकशी केली. एकजण म्हणाला, ‘चालेल म्हणजे काय, धावेल. हप्ता किती?’

केरबा आम्हाला सापडला तो याच दिवसांत.

गल्लीच्या शेवटाला एका टांगेवाल्याचा तबेला होता. तबेल्याला टेकून पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात एक लंगडणारा माणूस राहायला आला होता. वय चाळिशीच्या आत, अंगानं वाळकुडा, उन्हातसुद्धा अंगात खाकी फौजी कोट. चिकलठाण्याला एका कारखान्याच्या फाटकावर तो वॉचमन होता, आणि मोकळ्या वेळात टांगेवाल्याच्या घोड्यांचे खूर बघायचा. आमच्याशी बोलायचं त्याला काही कारण नव्हतं. एका सकाळी साहेबराव हॉटेलातून बाहेर पडला तर हा समोर आला, थांबला, आणि कडक सलाम ठोकून म्हणाला, ‘रामराम मालक.’

साहेबराव लाल झाला. ‘कोण तुम्ही?’

‘मी सोनखांबचा केरबा. मुंजाबा धनगराचा भाऊ. तुमचे आप्पासाहेब काका हायेत ना, त्यांच्या रानात आमची मेंढरं बसत्यात दरसाल.’

‘मला मालक म्हणू नका. साथी म्हणा.’

‘व्हय मालक,’ केरबा म्हणाला.

फौजेतून जखमी होऊन आलेला माणूस, धनगराचा, आणि आता कामगार. साहेबरावच्या डोळ्यांत चमक आली. शेतकरी, सैनिक आणि मजूर अशी तीन माणसं एकाच कोटात, तीही फुकट, आमच्या गल्लीत राहायला आली होती. त्या दिवसापासून केरबाला हॉटेलात बोलावणं सुरू झालं. तो यायचा, कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसायचा, चहा बशीत ओतून प्यायचा आणि आमची चर्चा ऐकायचा. त्याच्याबरोबर कधीकधी कडुबा यायचा. कडुबा त्याच्याच गावचा, बौद्धवस्तीतला, त्याच कारखान्यात रंगखात्यात कामाला. दोघं लहानपणी एकाच माळावर जनावरं राखायचे. कडुबा मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून निघणाऱ्या मोर्चांना जायचा. त्यानं एकदा आम्हाला सरळ विचारलं, ‘तुमच्या समितीचं नामांतराबद्दल काय?’

आम्ही त्या प्रश्नावर साडेचार तास बैठक घेतली. ‘पाठिंबा’ की ‘तत्त्वतः पाठिंबा’ यावर दोन गट पडले. शेवटी ‘ऐतिहासिक संदर्भात तत्त्वतः पाठिंबा’ असा ठराव झाला. ठराव ऐकून कडुबा म्हणाला, ‘म्हंजे हाय का नाय?’ साहेबराव म्हणाला, ‘आहेच. पण आपला मुख्य प्रश्न युद्धाचा आहे.’

फेब्रुवारीत आम्ही बॉम्बविरोधी मोर्चा काढला. पैठण गेटवरून गुलमंडी, तिथून शहागंज. तेवीस माणसं होती, त्यातले चार साध्या वेशातले पोलीस असावेत, कारण घोषणा तेच खणखणीत देत होते. शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ सभा ठेवली होती. पेरू विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, ‘क्या मियाँ, ये कौनसी कंपनी का बम है? चिकलठाने में बनरा क्या?’ मी म्हटलं, अमेरिकेचा आहे. ‘फिर ठीक है,’ असं म्हणून तो पेरूंवर पाणी शिंपडू लागला.

सभेत केरबाला बोलायचं होतं. साहेबरावनं त्याला आठ दिवस तयार केलं होतं. साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, कामगारवर्गाची एकजूट हे शब्द त्याच्याकडून घोकून घेतले होते. केरबा फळीवर चढला, कोटाची बटणं लावली आणि बोलू लागला.

‘मी केरबा, सोनखांबचा. फौजेत मी खच्चरं सांभाळायला व्हतो. लोकं म्हंतेत, लढाईत काय बघितलं ते सांग. मी खच्चराचं ढुंगन बघितलं. डोंगराची वाट अरुंद. पुढं खच्चर, मागं मी. दोन-अडीच वर्सं तेवढंच बघितलं.’

लोक हसले. पेरूवालाही टोपली सोडून जवळ आला.

‘फौजेत खच्चराला नाव नसतं. खुरावर नंबर असतो. मी माझ्या खच्चरीला रखमा म्हनायचो, कुनाला ऐकू जाऊ न देता. एकाहत्तरला आमी वर दारूगोळा न्यायलो व्हतो. वाटंत सुरुंग व्हता. तिचा पाय पडला. माझी दोन बोटं गेली अन् पोटरीत लोखंड बसलं. ती मेली नाय. पडल्या जागी मान वळवून माझ्याकडं बघत ऱ्हायली. हवालदार म्हनला, केरबा, संपव तिला. मी संपवलं. अख्ख्या लढाईत मी तेवढी एकच गोळी मारली.’

गर्दीतून कुणीतरी विचारलं, ‘सुरुंग कुणी पुरला होता?’

‘ते सुरुंगावर लिव्हलेलं नसतं,’ केरबा म्हणाला आणि खाली उतरला.

एवढी शांतता मी शहागंजात पुन्हा कधी ऐकली नाही. पेरूवाल्यानं पायजम्याच्या नाडीशी बांधलेल्या रुमालानं डोळे पुसले. त्यानंतर साहेबराव पाऊण तास बोलला आणि लोक निघून गेले.

बैठकीत केरबाच्या भाषणावर टीका झाली. त्यानं साम्राज्यवाद हा शब्द एकदाही वापरला नाही, खच्चराला वाजवीपेक्षा जास्त जागा दिली, आणि ढुंगण हा शब्द चळवळीच्या प्रतिष्ठेला धरून नव्हता. तरी गर्दी त्याच्यामुळं जमते हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून आम्ही त्याला जालन्याला नेलं, परभणीला नेलं. प्रत्येक ठिकाणी तो तेच बोलला आणि प्रत्येक ठिकाणी लोक गप्प झाले. परतीच्या एस.टी.त मी त्याला विचारलं, ‘तुम्ही युद्धाच्या विरुद्ध आहात ना?’

‘तसं नाय मास्तर. भांडन कुनाशी हाय ते मानसाला म्हायती पाहिजे, येवढंच. रखमाला म्हायती नव्हतं.’

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढं एका लेखात ते माझं म्हणून आलं.

जुलैच्या शेवटी मुंबईत विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात बंद, दगडफेक, जळक्या बसगाड्या. खेड्यांतून येणाऱ्या बातम्या त्याहून वाईट होत्या. बौद्धवस्त्यांवर जमाव चालून जात होते. घरं जळत होती, पिण्याच्या विहिरी नासवल्या जात होत्या, माणसं मारली जात होती. बाबूमियाँच्या हॉटेलची फळी अर्धी लावलेली होती आणि आम्ही आत बसून याची मीमांसा करत होतो. हा वर्गसंघर्ष आहे की जातसंघर्ष, हे ठरल्याशिवाय भूमिका घेता येणार नाही, असं सर्वांचं मत होतं.

अशा एका दुपारी केरबा आणि कडुबा आत आले. कडुबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. केरबा नेहमीच्या बाकड्यावर बसला नाही. साहेबरावसमोर जाऊन उभा राहिला.

‘मालक, उद्या आपल्या गावात व्हनार हाय.’

‘काय होणार आहे?’

‘कडुबाचा मेव्हना निरोप घेऊन आला. आप्पासाहेबांच्या वाड्यावर बैठक झाली. उद्या दुपारच्याला वस्ती जाळायची म्हंतेत. चौदा घरं हायेत. कडुबाची माय तिथंच हाय, बायको हाय, पोरी हायेत.’

बद्रीनाथनं सिगारेट विझवली.

‘काकांपर्यंत माझं म्हणणं मी पोचवतो,’ साहेबराव म्हणाला. ‘पत्र लिहितो.’

‘पत्र परवा पोचंल, मालक. तुमी स्वोता चला. तुमी वस्तीपुढं हुबे ऱ्हायले तर तुमच्या काकाची हिंमत व्हनार नाय. घरचं पोरगं हाय म्हनून तरी थांबतील. काय बोलू नका, निस्ते हुबे ऱ्हा.’

‘केरबा, हे इतकं सोपं नसतं. मी गेलो तर त्याला कौटुंबिक वादाचं स्वरूप येईल. मूळ प्रश्न बाजूला पडेल.’

कडुबा पहिल्यांदाच बोलला. ‘साहेब, माझं घर बाजूला पडलं तर चालंल. जळू नये येवढं बघा.’

मग साहेबरावनं मत मागवलं. आम्ही बाराजण होतो. चर्चा झाली. आधी निवेदन काढावं, निवेदन कलेक्टरला द्यावं, मुंबईच्या साथींना तार करावी, असं एकेक पुढं आलं. केरबा सगळं ऐकत उभा होता. शेवटी तो म्हणाला, ‘तुमी बाराजन आला तरी बास हाय. शहरातली शिकलेली मानसं म्हनल्यावर गाव बिचकतं. शहागंजात तेवीस व्हते, त्याच्या निम्मेच मागायलो मी.’

मला त्या क्षणी स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागलं. मी उठलो आणि म्हणालो, ‘आम्ही येतो. सगळे येतो. सकाळी आठला पैठण गेटला भेटू.’ माझ्या उठण्यानं बाकीच्यांनाही उठावं लागलं. बद्रीनाथ म्हणाला, येतो. नाटकवाले म्हणाले, येतो. साहेबरावसुद्धा म्हणाला, ‘समितीचा निर्णय असेल तर मी बांधील आहे.’ केरबानं सगळ्यांना हात जोडले. ‘मंग आमी दोघं म्होरं होतो,’ तो म्हणाला. ‘मुंजाबाला सांगून ठिवतो.’ एस.टी. बंद होती. ते दोघं त्याच दुपारी एका सायकलवर डबलसीट निघाले. बिडकीनपर्यंत सोळा-सतरा मैलांचा रस्ता, त्याच्या पुढं चिखलाची गाडीवाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पैठण गेटला गेलो होतो, हे इथं नोंदवून ठेवतो. तिथं कुणी नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. नऊच्या सुमाराला बद्रीनाथ आला. म्हणाला, साहेबराव पहाटेच मुंबईला गेला, तिथल्या साथींना प्रत्यक्ष भेटून परिस्थिती सांगायला. नाटकवाल्यांना ताप आला होता, चौघांनाही. आम्ही दोघांनी गेटजवळ चहा घेतला. मग दोघंच जाऊन काय होणार, असं बद्रीनाथ म्हणाला. मला ते पटलं. इतक्या लवकर पटलं की मी चहाही पुरता संपवला नाही.

सोनखांबला काय झालं ते पुढं कडुबानं मला सांगितलं, आणि तो सांगताना काही वाढवत नसे.

केरबानं रात्रीतूनच भावाला, मुंजाबाला, तयार केलं होतं. मुंजाबा तयार कसला होतो, पण थोरल्या भावाचा शब्द त्याला मोडता आला नाही. गावातून बौद्धवस्तीकडं जायला एकच धड वाट होती. एका बाजूला आडाची भिंत, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा कडा. पावसानं बाकीची रानं घोट्याएवढ्या चिखलानं भरली होती. दोघा भावांनी दीडशे मेंढरं आणून त्या वाटेत दाटीवाटीनं बसवली. मागं केरबा, फौजी कोट घालून, हातात मेंढक्याची काठी.

दुपारी जमाव आला. साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी कडुबाच्या आणि केरबाच्या बरोबरीची, ओळखीची. रॉकेलचे डबे होते. मागं छत्रीखाली आप्पासाहेब.

‘केरबा, मेंढरं काढ,’ आप्पासाहेब म्हणाले.

‘काढतो की मालक,’ केरबा म्हणाला, आणि त्यानं शीळ घातली. मेंढरं उठली, गोल फिरली आणि पुन्हा तिथंच दाटली. त्याच्या शिळेचा अर्थ मेंढरांना कळत होता, आप्पासाहेबांना कळत नव्हता.

‘काय झालं?’

‘पावसानं बिचकलीत. पाय टाकनात. मेंढरू भिजलं की अडतं, मालक. तुमाला काय सांगायचं.’

असं तो करत राहिला. मुंजाबाला हाका मारायचा, मुंजाबा उलट्या बाजूनं हाकायचा, मेंढरं मधे घोटाळायची. दोघं एकमेकांना मोठ्यानं शिव्या द्यायचे. जमावातल्या काहींना हसू आलं. दोघा-तिघांनी चक्क मदत करायचा प्रयत्न केला आणि चिखलात पडले. गावातल्या कुणालाही धनगराच्या मेंढरांवर पहिला हात टाकायचा नव्हता, कारण सगळ्यांच्या शेतात खतासाठी तीच मेंढरं बसत. या भानगडीत दीड तास गेला. तेवढ्या वेळात कडुबानं मागच्या अंगानं, ओढ्यातून छातीएवढ्या पाण्यातून, वस्तीतली सगळी माणसं पलीकडं काढली. म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतलं. पोरांना परातीत बसवून नेलं.

केरबा अधूनमधून टाचा उंचावून बिडकीनच्या रस्त्याकडं बघत होता, असं मुंजाबानं कडुबाला सांगितलं होतं. का ते मुंजाबाला तेव्हा कळलं नव्हतं.

मग कुणीतरी ओरडलं, ‘हा आपल्याला येड्यात काढायला लागलाय.’ पहिली काठी केरबाच्या खांद्यावर बसली. तो हलला नाही. दुसरी दंडावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज आला. तिसरी कानावर. मुंजाबा आडवा आला, त्यालाही मारलं. सहा मेंढरं मारली. बाकीची ओढ्याकडं उधळली आणि वाट मोकळी झाली. जमाव वस्तीत शिरला तर माणूस नव्हतं. चिडून त्यांनी घरं पेटवली. ओल्या छपरांनी नीट पेट घेतला नाही, तरी पाच घरं जळाली. संध्याकाळी बिडकीनहून पोलिसांची गाडी चिखल तुडवत आली, तेव्हा नऊ घरं उभी होती आणि चौदाही घरांतली माणसं जिवंत होती.

केरबाला बैलगाडीतून आणि पुढं ट्रकमधून शहरात आणलं. घाटीच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. हात जुळला, पण डावा कान गेला.

आठ दिवसांनी साहेबराव मुंबईहून आला. आल्या आल्या त्यानं बैठक घेतली आणि निषेधाचा ठराव मांडला. हार, फोटोग्राफर आणि ठराव घेऊन आम्ही घाटीत गेलो. केरबाच्या खाटेशेजारी त्याची बायको गोजरबाई बसली होती. काटक, सावळी बाई, कपाळावर आडवं कुंकू. तिनं आमच्याकडं एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. साहेबरावनं खड्या आवाजात ठराव वाचला, त्यात एक वाक्य असं होतं: ‘दोन्ही बाजूंनी झालेल्या हिंसाचाराचा आम्ही धिक्कार करतो.’

केरबानं उजवा कान पुढं केला. ‘पुन्हा वाचा, मालक. दोन्ही म्हनला का?’

‘दोन्ही बाजूंनी.’

‘एक बाजू तुमच्या काकाची. दुसरी कंची? मेंढरांची का?’

गोजरबाई हसली. अख्ख्या वॉर्डात तेवढं एकच माणूस हसलं. फोटोग्राफरनं विचारलं, फोटो घ्यायचा का. साहेबराव म्हणाला, नंतर.

मी त्या आठवड्यात एक कविता लिहिली. माणसं मारून घरं ठेवणारा बॉम्ब तिकडं, आणि माणसं राहू नयेत म्हणून घरं जाळणारा गाव इकडं, असा तिचा विषय. ती पुण्याच्या एका मासिकात आली. तिचं फार कौतुक झालं, अजून होतं. एका समीक्षकानं तिला ‘प्रत्यक्ष धगीतून आलेली’ म्हटलं. कवी त्या दिवशी पैठण गेटला चहा पीत होता, हे कवितेत नाही.

गावानं केरबाच्या घराला धडा शिकवला. त्या दिवाळीनंतर सोनखांबात एकानंही मुंजाबाची मेंढरं आपल्या रानात बसवली नाहीत. पाण्यावर जाऊ देईनात. दोन वर्षांत कळप मोडला आणि मुंजाबा सडकेच्या कामावर खडी फोडायला गेला. त्यानं भावाशी बोलणं सोडलं. गोजरबाई गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाडलोटीला जाऊ लागली. केरबाला आधीच्या कारखान्यानं परत घेतलं, पण फाटकावरून गोदामात टाकलं, कारण ऐकू कमी येणारा वॉचमन फाटकावर चालत नाही. कडुबानं माय, बायको आणि पोरी शहरात आणल्या. जाळलेल्या जागेवर तो परत गेला नाही.

भिस्ती गल्लीचंही पांगलं. वाळूजला नवी औद्योगिक वसाहत उठली. स्कूटरी आल्या, बिअर आली, औषधं आली. बद्रीनाथनं कारखान्यांचे बोर्ड रंगवायला घेतले. ‘येथे शांतता राखा’ ही पाटी तो इतकी सुंदर रंगवायचा की तिच्यासाठी लांबून ऑर्डरी यायच्या. नाटकवाले बँकेत लागले. साहेबरावनं दाढी काढली, वाळूजजवळ काकांच्या नावची जमीन प्लॉट पाडून विकली आणि सिमेंट पाइपचा धंदा टाकला. कामगारांनी संप केला तेव्हा त्यानं त्यांना अर्धा तास शस्त्रस्पर्धेवर भाषण दिलं असं ऐकलं. मी प्राचार्य झालो. तबेल्याच्या जागेवर लॉज झाला. केरबा आणि गोजरबाई चिकलठाण्याच्या मागं एका वस्तीत राहायला गेले, आणि मधे दहा-बारा वर्षं मी त्यांना भेटलो नाही. वेळ नव्हता असं नाही.

जानेवारी १९९४ मध्ये विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा होणार असं ठरलं, तेव्हा शहरात जागोजाग शांतता समित्या नेमल्या गेल्या. आमच्या भागातल्या समितीचा अध्यक्ष साहेबराव होता. अनुभवी माणूस. त्यानं फोन करून मला सांगितलं, ‘आपण केरबाचा सत्कार करू. सलोख्याचं प्रतीक. तू जाऊन त्याला आण.’

मी गेलो. दोन खोल्यांचं पक्कं घर होतं, दारात चार शेळ्या बांधलेल्या. केरबा खाटेवर ऊन खात बसला होता. केस पांढरे झाले होते. आत कडुबा होता. तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, त्याचा थोरला जावई वाळूजला फिटर लागला होता. ‘या सर,’ कडुबा म्हणाला आणि खुर्ची पुसली.

मी सत्काराचं सांगितलं. केरबाचा उजवा कान माझ्याकडं होता.

‘कशाचा सत्कार?’

‘तुम्ही वस्ती वाचवली त्याचा.’

‘पाच घरं जळाली की.’

‘माणसं वाचली. दीड तास तुम्ही जमाव अडवून धरला. त्या वेळात कडुबानं सगळ्यांना पलीकडं नेलं. इतका विचार तुम्ही त्या गडबडीत केला, याचंच मला…’

‘ते कडुबाचं डोकं,’ केरबा म्हणाला. ‘मानसं ओढ्यातून काढायची हे त्यानं ठरवलं. मला म्हायती बी नव्हतं. माझं येगळं चाललं व्हतं.’

‘वेगळं काय?’

त्यानं हाताशी आलेल्या शेळीचा कान चोळला. ‘मी तुमची वाट बघत व्हतो, मास्तर. तुमी म्हनला व्हता ना, सगळे येतो. मला वाटलं चिखलानं उशीर झाला आसंल. तुमी येईस्तोवर धरून ठिवावं, येवढंच मनात व्हतं. बाराजन आले की मंग काळजी नाय.’

कडुबा माझ्याकडं बघत नव्हता. तो पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडत होता.

‘एस.टी. बंद होती त्या दिवशी,’ मी म्हणालो.

‘व्हय,’ केरबा म्हणाला. ‘बंद व्हती.’

त्यानं ते सहज मान्य केलं. गोजरबाईनं चहा आणला. तिला सत्काराचं कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘त्या दिशी कारखान्यात दुसरी पाळी हाय माझी. अन् ह्यांना यकट्यानं पाठवनार नाय मी तुमच्यासंगं.’ मी चहा पूर्ण प्यालो, पेढा खाल्ला आणि निघालो. शेळ्यांमधून वाट काढताना केरबानं मला फाटकापर्यंत सोडलं. लंगडत चालत होता, पण माझ्यापेक्षा भराभर.

सत्काराचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणं झाला. नामविस्तार झाला, शहर बऱ्यापैकी शांत राहिलं, आणि त्याचं श्रेय समितीनं घेतलं. व्यासपीठावर पोलिसांचे साहेब होते, दोन नगरसेवक होते, आणि शाल-श्रीफळ मांडून ठेवलेलं टेबल होतं. केरबा आला नाही. साहेबरावनं माइकवर दोन मिनिटं वाट बघितली, मग जुन्या बॉम्बविरोधी दिवसांची आठवण काढली, माझ्या कवितेच्या चार ओळी म्हटल्या आणि शाल माझ्या खांद्यावर टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि ती घेऊन घरी गेलो.